गुरुत्वमध्य : स्थापत्यातील महत्त्व व इतिहास

पदार्थाचे सर्व वजन ज्या एका बिंदूतून कार्य करते असे मानता येते, त्या बिंदूला पदार्थाचा गुरुत्वमध्य म्हणतात. वजन नसलेल्या निव्वळ भौमितिक आकृतीसाठीही असाच बिंदू काढता येतो. त्याला क्षेत्रमध्य म्हणतात. पदार्थाची जाडी व घनता सर्वत्र सारखी असल्यास हे दोन्ही बिंदू एकच असतात. आयताचा क्षेत्रमध्य त्याच्या कर्णांच्या छेदनबिंदूत, वर्तुळाचा केंद्रात व त्रिकोणाचा तीन मध्यगांच्या संपातबिंदूत, म्हणजे पायापासून उंचीच्या एकतृतीयांशावर असतो. हा बिंदू पदार्थाच्या आतच असतो असे नाही. कड्याचा किंवा काटकोनी पोलादी पट्टीचा क्षेत्रमध्य मोकळ्या जागेत पडतो.

स्थापत्य अभियांत्रिकीत या बिंदूचे महत्त्व मोठे आहे. भाराची रेषा छेदाच्या क्षेत्रमध्यातून गेली, तर भार सर्व छेदावर सारखा वाटला जातो. ती बाजूला सरकली की एका कडेवरील दाब वाढतो व दुसऱ्या कडेवरील कमी होतो. हे सरकणे मर्यादेबाहेर गेल्यास दुसऱ्या कडेवर ताण येतो. दगड, वीट, चुना व साधे काँक्रीट यांना दाब चांगला सोसतो, पण ताण फारसा सोसत नाही. त्यामुळे तुळई, पाया, धरण अथवा इमारत यांची सुरक्षितता ठरविताना क्षेत्रमध्य कोठे आहे व भाराची रेषा त्यापासून किती अंतरावर आहे, हे दोन प्रश्न प्रथम सोडवावे लागतात. दगडी धरणांच्या बाबतीत या विचाराला नियमाचे रूप येण्यास मुंबईच्या पाणीपुरवठ्याची योजना कारण झाली, ही गोष्ट महाराष्ट्राच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे.

प्राचीन काळ : गुरुत्वमध्याचे गणित ग्रीक गणितज्ञ आर्किमिडीज (इ. स. पू. २८७–२१२) यांच्यापासून सुरू होते. प्रतलांच्या समतोलावरील आपल्या ग्रंथात त्यांनी तरफेचा नियम सिद्ध केला आणि समांतरभुज चौकोन, त्रिकोण, समलंब चौकोन व अन्वस्ताचा खंड यांचे गुरुत्वमध्य काढले. उपलब्ध ग्रंथात त्यांनी गुरुत्वमध्याची व्याख्या मात्र दिलेली नाही. ती कल्पना वाचकांस परिचित असल्याचे गृहीत धरलेले दिसते. पुढे ॲलेक्झांड्रिया येथील पॅपस (इ. स. चौथे शतक) यांनी फिरत्या आकृतीने व्यापलेले घनफळ व तिच्या गुरुत्वमध्याने आक्रमिलेला मार्ग यांमधील संबंध मांडला. सतराव्या शतकात पाउल गुल्डिन (१५७७–१६४३) यांनी तो पुन्हा प्रसिद्ध केला.

गणित मांडले जाण्याच्या आधीपासून गवंडी व पाथरवट या तत्त्वाचा अनुभवाने उपयोग करीत आले आहेत. ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ येथील शिवमंदिरासारख्या (१०६०) मंदिरांच्या मंडपांवरील छत खऱ्या कमानीवर तोललेले नसते. दगडांचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा पुढे काढून मधली पोकळी हळूहळू मिटविलेली असते. पुढे आलेल्या दगडाचा गुरुत्वमध्य खालच्या आधाराच्या आत राहावा व त्याच्या मागील भागावर पुरेसे वजन असावे, एवढ्या एका दक्षतेवर हे बांधकाम उभे राहते.

तुळईचा प्रश्न : दोन्ही टोकांवर टेकलेली तुळई भाराने वाकली की तिचे वरचे तंतू आखडतात व खालचे ताणले जातात. या दोहोंच्या मध्ये लांबी न बदलणारा एक थर असतो. त्याला उदासीन अक्ष म्हणतात. तो नेमका कोठे असतो, हे ठरण्यास जवळजवळ दोनशे वर्षे लागली. गॅलिलीओ (१५६४–१६४२) यांनी १६३८ मध्ये भिंतीत एक टोक रोवलेल्या तुळईचा विचार करताना सर्व छेदावर सारखाच ताण आहे व तुळई खालच्या कडेभोवती फिरते असे मानले. त्यामुळे त्यांच्या उत्तरात आयताकृती तुळईचे बळ स्थितिस्थापक सिद्धांताने येणाऱ्या बळाच्या तिप्पट आले. तथापि खोली दुप्पट केल्यास बळ चौपट होते, हा त्यांचा निष्कर्ष बरोबर होता. आंत्वान पारां (१६६६–१७१६) यांनी १७१३ मध्ये उदासीन अक्षाचे योग्य विवेचन केले, पण त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. शार्ल ऑग्युस्तीन कुलंब (१७३६–१८०६) यांनी छेदावरील एकूण ताण व एकूण दाब समान असले पाहिजेत, ही अट १७७३ मध्ये मांडली. अखेर क्लोद नाव्ह्ये (१७८५–१८३६) यांनी १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत, स्थितिस्थापक मर्यादेत उदासीन अक्ष छेदाच्या क्षेत्रमध्यातूनच जातो, हे स्पष्ट केले. यामुळे तुळईचे गणित भूमितीच्या पक्क्या पायावर आले.

मिश्र आकाराच्या छेदाचा क्षेत्रमध्य काढण्यासाठी त्याचे सोपे भाग पाडतात, प्रत्येक भागाच्या क्षेत्रफळाला ठराविक रेषेपासूनच्या त्याच्या क्षेत्रमध्याच्या अंतराने गुणतात आणि या गुणाकारांच्या बेरजेला एकूण क्षेत्रफळाने भागतात. घरांतील स्लॅब व तिच्याखालील तुळई एकसंध ओतली जात असल्याने त्यांचा छेद इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा होतो. स्लॅबचा सहभागी भाग ९०० मिमी. रुंद व १२० मिमी. जाड आणि त्याखालील तुळईचा भाग २३० मिमी. रुंद व ३८० मिमी. खोल असल्यास दोन भागांची क्षेत्रफळे अनुक्रमे १,०८,००० व ८७,४०० चौ. मिमी. होतात. माथ्यापासून त्यांच्या क्षेत्रमध्यांची अंतरे ६० व ३१० मिमी. आहेत. यावरून संपूर्ण छेदाचा क्षेत्रमध्य माथ्यापासून सुमारे १७२ मिमी. खाली येतो. एकूण खोली ५०० मिमी. असल्याने तळाची कड त्यापासून ३२८ मिमी. दूर राहते. म्हणजे तडे जाण्यापूर्वी तळावरील ताण माथ्यावरील दाबाच्या जवळजवळ १.९ पट असतो. काँक्रीटला ताण सोसत नसल्याने तळाशी पोलादी गज घालणे भाग पडते. सज्जा किंवा छज्जा यांचे एकच टोक आधारलेले असल्याने त्यांत ताण वरच्या बाजूस येतो. तेथे गज वरच हवेत. काँक्रीट ओतताना हे गज पायाखाली दबून खाली गेले, तर छज्जा दिसावयास धडधाकट असूनही कोसळू शकतो. पूर्वप्रतिबलित काँक्रीटच्या पुलांत ताणलेल्या पोलादी तारा क्षेत्रमध्याच्या खाली ठेवतात. त्यामुळे वाहनांचा भार येण्यापूर्वीच तळाच्या कडेवर दाब निर्माण होतो व पुढे येणारा ताण त्यात जिरून जातो.

मधल्या तृतीयांशाचा नियम : आयताकृती तळावर येणारा भार क्षेत्रमध्यापासून जितका सरकतो त्या अंतराला उत्केंद्रता म्हणतात. तळ ३ मी. रुंद व उत्केंद्रता ०.२५ मी. असल्यास एका कडेवरील दाब सरासरीच्या दीडपट व दुसरीवरील निम्मा होतो. उत्केंद्रता ०.५ मी., म्हणजे रुंदीच्या एकषष्ठांश झाली की एका कडेवरील दाब सरासरीच्या दुप्पट व दुसरीवरील शून्य होतो. याहून अधिक सरकल्यास ताण येतो. म्हणून भाराची रेषा रुंदीच्या मधल्या तृतीयांशातच राहिली पाहिजे. भरीव गोल स्तंभासाठी ही मर्यादा व्यासाच्या मधल्या चतुर्थांशाइतकी असते. छेदाच्या या सुरक्षित भागाला गाभा म्हणता येईल.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दगडी धरणांची जाडी बव्हंशी अनुभवानेच ठरविली जाई. फ्रान्समध्ये द साझिली यांनी १८५३ मध्ये व त्यानंतर देलोक्र यांनी दगडावरील कमाल दाब मर्यादित ठेवून धरणाचा छेद आखण्याची पद्धत रूढ केली. १८६० मध्ये विहार तलाव पूर्ण झाल्यावरही मुंबईची पाण्याची गरज भागेना. तेव्हा नव्या उंच धरणांचा विचार सुरू झाला. मुंबई नगरपालिकेचे कार्यकारी अभियंता कॅप्टन हेक्टर टलॉक यांनी त्यासंबंधी ग्लासगो येथील प्राध्यापक विल्यम जॉन मॅक्कॉर्न रँकिन (१८२०–७२) यांचा सल्ला घेतला. रँकिन यांचा अहवाल जानेवारी १८७२ मध्ये प्रसिद्ध झाला. धरण रिकामे असो वा भरलेले, बांधकामाच्या कोणत्याही आडव्या छेदात लक्षणीय ताण येता कामा नये आणि त्यासाठी फलित भाराची रेषा मधल्या तृतीयांशात राहावी, असा आग्रह त्यांनी त्यात धरला. उतरत्या बाह्य पृष्ठाजवळील उभ्या दाबाची मर्यादाही त्यांनी अधिक कडक केली. त्याच वर्षी रँकिन निधन पावले. पण हा नियम जगभरच्या भारस्थायी धरणांचा पाया ठरला. मुंबईसाठी बांधलेले तानसा येथील सुमारे २.८ किमी. लांबीचे दगडी धरण १८९२ मध्ये पुरे झाले.

या नियमातील क्षेत्रमध्याचे कार्य साध्या त्रिकोणी धरणावरून कळते. पाण्याकडील बाजू उभी असलेल्या त्रिकोणाचा क्षेत्रमध्य तिच्यापासून तळाच्या एकतृतीयांशावर असतो. त्यामुळे तलाव रिकामा असता भार मधल्या तृतीयांशाच्या अगदी आतल्या सीमेवर पडतो. तलाव भरला की पाण्याचा आडवा दाब, जो स्वतःही उंचीच्या एकतृतीयांशावर कार्य करतो, फलिताला बाहेरच्या सीमेकडे ढकलतो. बांधकाम पाण्याच्या २.२५ पट जड धरल्यास, फलित सीमेबाहेर जाऊ नये म्हणून तळाची रुंदी उंचीच्या दोनतृतीयांश ठेवावी लागते. म्हणजे ३० मी. उंचीस २० मी.

या हिशेबात एक उणीव होती. फ्रान्समधील बूझे धरण २७ एप्रिल १८९५ रोजी फुटून ८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तळाखाली व दगडांच्या सांध्यांत शिरलेले पाणी धरणाला वर उचलते व त्याचे परिणामी वजन घटविते, ही गोष्ट या दुर्घटनेने अभियंत्यांच्या मनावर ठसली. मॉरिस लेव्ही यांनी त्याच वर्षी नवी अट सुचविली : पाण्याकडील पृष्ठावरील दाब त्या खोलीवरील पाण्याच्या दाबापेक्षा कमी नसावा. वरील त्रिकोणी धरणात हा उद्वाही दाब पूर्णपणे हिशेबात घेतल्यास ३० मी. उंचीसाठी २० मी. ऐवजी जवळजवळ २७ मी. रुंदी लागते. पुढील काळातील धरणांत पाणी काढून टाकणारी छिद्रे व मार्गिका ठेवून हा दाब कमी केला जातो.

महाराष्ट्रातील धडे : पुण्याजवळील मुठा नदीवरचे खडकवासला धरण १८७९ च्या सुमारास पूर्ण झाले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९०३ मध्ये तेथे स्वयंचलित दरवाजे बसवून धरणाची भिंत न वाढविता साठ्याची पातळी सुमारे २.४ मी. ने उंचावली. १२ जुलै १९६१ रोजी वरच्या अंगाचे पानशेतचे मातीचे धरण फुटले आणि त्याचा लोंढा खडकवासल्यावर आला. पाणी माथ्यावरून वाहू लागले व काही तासांतच ते जुने दगडी धरणही खचून पुण्यात हाहाकार उडाला. माथ्यावरून धरणाच्या उंचीच्या एकदशांशाइतके पाणी वाहू लागल्यास उलथवणारे परिबल सुमारे ३० टक्क्यांनी वाढते. धरणाचे वजन मात्र तेवढेच राहते. फलित अशा रीतीने मधल्या तृतीयांशाबाहेर गेले की पाण्याकडील पृष्ठावर ताण येतो, सांधे उघडतात व त्यांत शिरलेले पाणी उरलेले काम करते. म्हणून महत्तम पुराचा अंदाज व सांडव्याची क्षमता यांचा संबंध थेट क्षेत्रमध्याच्या गणिताशी पोहोचतो.

कोयना येथील १०३ मी. उंचीच्या धरणाला ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाचा धक्का बसला. या भूकंपात सुमारे १८० माणसे दगावली. धरण उभे राहिले, परंतु त्याच्या उंच खंडांत, बाहेरच्या पृष्ठाचा उतार जेथे एकदम बदलतो त्या पातळीजवळ, दोन्ही पृष्ठांवर तडे गेले. भूकंपाची निरूढी प्रेरणा वस्तुमान जेथे एकवटलेले असते तेथे कार्य करते. माथ्याकडील भाग जाड असल्याने तेथील वस्तुमानाचा गुरुत्वमध्य उंच होता व खालच्या अरुंद होत गेलेल्या छेदावर वाकविणारे परिबल मोठे आले. पुढे मागील बाजूस आधारभिंती बांधून हे खंड बळकट करण्यात आले. [→ भूकंप].

घरांच्या बाबतीत हाच धडा ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांतील किल्लारी परिसराच्या भूकंपाने दिला. तेथील जुन्या घरांच्या भिंती मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या व धाबी जाड मातीची होती. उन्हापासून थंडावा देणाऱ्या या धाब्यामुळे घराचे वजन वर एकवटले होते आणि ते तोलणाऱ्या भिंतींना ताण सोसण्याचे बळ नव्हते. पहाटेच्या झोपेत सुमारे ८,००० माणसे प्राणास मुकली.

खाडीकाठची वस्ती व नया नगर : ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर हा भाग साष्टी बेटाच्या उत्तर टोकाला वसईच्या खाडीलगत आहे. पूर्वी येथे भातखाचरे, मिठागरे व कोळी-आगरी गावे होती. मुंबईतील घरे महागल्याने रेल्वेमार्गावरील या भागात वस्ती झपाट्याने वाढली. १९८५ मध्ये नगर परिषद व २००२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. मीरा रोड स्थानकाच्या पूर्वेस असलेली नया नगर ही दाट वसाहत याच काळात, १९८० नंतरच्या दशकांत वाढली. १९९२-९३ च्या मुंबईतील दंगलींनंतर शहर सोडून आलेल्या अनेक कुटुंबांनी येथे घरे घेतली. आयुष्यभराची पुंजी एका सदनिकेत गुंतविणाऱ्या अशा कुटुंबांच्या दृष्टीने पाया व खांब यांचे गणित हा केवळ शास्त्रीय विषय नव्हे.

खाडीकाठच्या सखल जमिनीत भरावाखाली बहुधा मऊ चिकण गाळाचे थर असतात. अशा जमिनीत पाया हळूहळू खचणे अपरिहार्य असते. तो सर्वत्र सारखा खचला तर फारसे नुकसान होत नाही. परंतु खांबांच्या भारांचे फलित पायाच्या क्षेत्रमध्यातून गेले नाही, तर एका बाजूची माती अधिक दबते व इमारत कलते. कल आला की इमारतीचा गुरुत्वमध्य त्याच बाजूस आणखी सरकतो व कल वाढत जातो. जागेच्या सीमेला लागून असलेल्या खांबाचा पाया शेजारच्या जमिनीत पसरविता येत नाही, तेव्हा हा दोष हमखास उद्भवतो. त्यावर उपाय म्हणजे तो खांब व आतला खांब यांना एकत्र पाया देऊन त्याचा आकार असा आखणे, की दोन्ही भारांचे फलित त्याच्या क्षेत्रमध्यावर पडेल. गाळ खोल असल्यास खडकापर्यंत खुंट उतरवितात. तेथेही खुंटांच्या समूहाचा मध्य व खांबाचा भार एका रेषेत ठेवावे लागतात.

भूकंपाच्या दृष्टीने आणखी दोन मध्य पाहावे लागतात : मजल्याचा वस्तुमानमध्य व खांब-भिंतींच्या दृढतेचा मध्य. ते एकत्र नसतील तर धक्क्याने इमारत नुसती हलत नाही, तिला पीळही बसतो व दृढतामध्यापासून दूरच्या कडेचे खांब सर्वांत जास्त भोगतात. तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला दुकानांची मोकळी तोंडे व मागे सलग भिंती, अशी रचना मुंबई परिसरातील रस्त्याकाठच्या इमारतींत सर्रास आढळते. तीत दृढतामध्य मागे सरकतो. भारतीय मानक १८९३ नुसार (२००२ व २०१६ च्या आवृत्त्या) प्रत्यक्ष उत्केंद्रतेची दीडपट घेऊन तीत इमारतीच्या त्या दिशेतील मापाचा विसांश मिळवावा लागतो. इमारत १२ मी. खोल व दोन मध्यांतील अंतर २ मी. असेल, तर ३.६ मी. उत्केंद्रता धरून खांब आखावे लागतात. २६ जानेवारी २००१ च्या भूज येथील भूकंपात केंद्रापासून सुमारे २५० किमी. दूर असलेल्या अहमदाबादमध्ये तळमजला मोकळा असलेल्या अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांत मुख्य दोष तळमजल्याच्या कमकुवतपणाचा असला, तरी विषम मांडणीमुळे बसणारा पीळ अशा इमारतींची हानी वाढवितो.

क्षेत्रमध्य नकाशावर एकदा निश्चित केला म्हणजे तो कायमचा राहतो असे नाही. दुकान मोठे करण्यासाठी तळमजल्याची भिंत काढणे, सज्जा बंद करून खोलीत घेणे, गच्चीच्या एका कोपऱ्यात पाण्याची टाकी चढविणे किंवा वाढीव मजला बांधणे, यांपैकी प्रत्येक कृतीने वस्तुमानाचा अथवा दृढतेचा मध्य सरकतो. तो फरक डोळ्यांना दिसत नाही. तो प्रथम कडेच्या खांबावरील तिरप्या तड्यांत किंवा जमिनीच्या कलात उमटतो. म्हणून अशा फेरफारांपूर्वी संरचना अभियंत्याकडून नवे गणित करून घेणे आणि जुन्या इमारतींची वेळोवेळी तपासणी करणे आवश्यक आहे.